अब्बा तिकडे, बिऱ्हाड इकडे



दरवर्षी मार्च संपत आला की आमच्याकडे जिद्दा, रियाध, दम्माम, कुवेत, मस्कत इथून फोन येऊ लागतात. फोन करणारा कधी जुना विद्यार्थी असतो, कधी नात्यातला, कधी एखाद्या विद्यार्थ्याचा मामू. विचारणा साधारण एकच असते. "मुलांना घेऊन घरचे परत येताहेत. सातारा बरा की सांगली? की सरळ पुण्यात कोंढव्याला फ्लॅट बघू?" उत्तर देण्याआधी आम्ही उलट विचारतो, "तुम्ही स्वतः कधी येणार?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "मी अजून चार-पाच वर्षे इकडेच. फक्त फॅमिली पाठवतोय."

शहराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते. परत येणारे कुटुंब म्हणजे बहुधा आई आणि मुले. कमावणारा माणूस तिकडेच राहतो. म्हणजे ज्या गावात बिऱ्हाड थाटायचे, तिथे ते एकट्या बाईला चालवायचे असते. गाव मात्र तिकडे बसलेला माणूस ठरवतो, आणि ठरवताना पाहतो काय? फ्लॅटचा भाव, मित्रांनी कुठे घेतला, आपले लहानपण कुठे गेले. आमचे म्हणणे एवढेच आहे की घर जो चालवणार, त्याच्या सोयीने गाव निवडावे. ही एक कसोटी धरून या महिन्यात मोठे शहर, सातारा आणि सांगली-मिरज हे तिन्ही पाहू.

परतण्याची दोन कारणे

परतणे दोन तऱ्हेचे असते. एक संकटाचे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर कब्जा केला, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले. लोक हातातल्या पिशवीनिशी उतरले आणि जिथे आई-वडील होते तिथे गेले. गाव निवडायला वेळच नव्हता. मे २०२० मध्ये 'वंदे भारत'च्या विमानांनी आलेल्या अनेकांचेही तसेच झाले.

दुसरे परतणे हिशेबाचे. सौदी अरेबियाने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी शंभराने वाढवत जुलै २०२० मध्ये ४०० वर नेले. पत्नी आणि तीन मुले असलेल्या माणसाला पहिल्या वर्षी महिना ४०० रियाल पडत होते, चौथ्या वर्षी १,६०० पडू लागले. म्हणजे वर्षाला १९,२०० रियाल, तेही घरभाडे, शाळेची फी आणि इकाम्याचा खर्च सोडून. मध्यम पगाराच्या माणसाने काय करावे? नोकरी ठेवली आणि बिऱ्हाड पाठवले. या परतण्यात एक गोष्ट चांगली आहे. विचाराला सहा-आठ महिने मिळतात. ते नुसते फ्लॅटचे फोटो पाहण्यात घालवू नयेत.

हा मुलूख अशा घरांना ओळखतो

पुरुष बाहेर आणि कारभार बाईकडे, ही गोष्ट सातारा-सांगलीला नवी नाही. पाटण, जावळी या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत ओझी उचलत आली. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. गावाकडची चूल मनीऑर्डरीवर पेटत असे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून इतके जवान फौजेत गेले की त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले. आखातात गेलेली आपली माणसे याच रांगेत उभी आहेत.

याचा उपयोग काय? उपयोग असा की इथला किराणा दुकानदार, बँकेतला कारकून, शाळेतला शिक्षक 'घरी पुरुष नाही' या गोष्टीने चमकत नाही. पालकसभेला आई एकटी आली तर कोणी भुवया उंचावत नाही. हे भाड्याच्या करारात लिहिलेले नसते, पण रोजच्या जगण्यात फार कामाला येते.

मोठे शहर कोणासाठी

कोंढवा, मुंब्रा, मीरा रोड या भागांत आखातातला पैसा घरांत गुंतवला गेला, त्याला कारणे आहेत. आपली वस्ती आहे, इंग्रजी शाळा आहेत, हलाल खाण्याची चिंता नाही, विमानतळ गाठता येतो. कोणी तिथे गेले तर त्यात चूक नाही.

पण कसोटी लावून पाहा. रात्री अकरा वाजता मुलाला ताप चढला तर ती कोणाला हाक मारणार? शाळेची बस चुकली तर मुलाला कसे पोहोचवणार? आखातात दहा वर्षे काढलेली बाई बहुधा फ्लॅट, शुक्रवारचा मॉल आणि नवऱ्याची गाडी एवढ्यावरच जगलेली असते. सौदीत बायकांना गाडी चालवण्याची परवानगीच जून २०१८ मध्ये मिळाली. अशा बाईला एकदम पुण्याच्या रहदारीत सोडले, तर चार भिंती बदलतात, परावलंबन तसेच राहते. आधी नवऱ्याची वाट पाहत होती, आता रिक्षाची पाहील.

आता याच कसोटीची दुसरी बाजू. ती मुंब्र्यातच वाढलेली असेल, तिची अम्मी आणि भाऊ तिथेच असतील, तर तिच्यासाठी मुंब्रा हेच बरोबर उत्तर आहे. नवऱ्याचे वतन सातारा म्हणून तिला साताऱ्यात आणून बसवणे हा तिच्यावर अन्याय होईल. म्हणून आमचा पुढचा प्रश्न नेहमी हा असतो: तिचे माहेर किती लांब? आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. पण नवरा अडीच हजार किलोमीटरवर असताना आधाराला येतात ते बहुधा तिचे आई-वडील, भाऊ, खाला. माहेर तासाभराच्या एसटीवर असेल तर निम्म्या अडचणी आल्या तशा जातात.

सातारा

सातारा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख २० हजार होती. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसले आहे. पोवई नाका आणि राजवाडा ही दोन टोके धरली की गाव समजते. शाळा, बाजार, दवाखाना, मशीद, मकतब बहुतेक भागांतून चालत किंवा दहा मिनिटांच्या स्कूटीवर आहेत. आठ-दहा दिवसांत स्कूटी शिकून मुलांना स्वतः शाळेत सोडणाऱ्या आया आम्ही पाहतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा बदल हा आमच्या दृष्टीने साताऱ्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

पुणे सुमारे ११० किलोमीटर. स्वारगेटला दिवसभर विनाथांबा एसटी असतात. रेल्वे स्टेशन मात्र गावात नाही, माहुलीला आहे, आणि शहरात विमानतळ नाही. आखातात जाणारे बहुतेक जण मुंबईचेच विमान धरतात. छुट्टीवर येणाऱ्या माणसाला सांगलीपेक्षा सातारा शंभरावर किलोमीटर जवळ पडतो.

शिक्षणात साताऱ्याचे नाव जुने आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आली, आणि त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली. तिथे सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षेने प्रवेश मिळतो, आणि आता मुलींनाही मिळतो. आखातातून येणाऱ्या पाचवीच्या मुला-मुलीसाठी ही संधी तपासण्यासारखी आहे.

उणे काय? मोठ्या आजारात अजूनही कराड किंवा पुणे गाठावे लागते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पासून सुरू झाले आहे, पण त्याला मिरजेसारखा जुना वारसा नाही. महामार्गाच्या बाजूला आणि शाहूपुरी, गोडोली, विलासपूर या वाढत्या भागांत जागा काही स्वस्त राहिलेली नाही. 'छोटे गाव म्हणजे स्वस्त' हे गणित डोक्यात असेल तर आधी एकदा प्रत्यक्ष चौकशी करावी.

सांगली-मिरज

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ पासून एक महानगरपालिका आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख. हे साताऱ्यापेक्षा बरेच मोठे गाव. सांगली ते मिरज अंतर दहाएक किलोमीटर, आणि मधला विश्रामबागचा भाग दोन्हींना जोडतो.

घरात सासू-सासरे असतील आणि त्यांना मधुमेह, हृदयरोग असे काही असेल, तर मिरजेचा विचार आधी करावा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९० च्या दशकात इथे रुग्णालयाची पायाभरणी केली, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतून, उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येतात. एकट्या बाईला म्हाताऱ्या माणसाला घेऊन पुण्याला पळावे न लागणे ही लहान गोष्ट नाही.

मुले मोठी असतील तरी सांगली उजवी ठरते. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून, वालचंद अभियांत्रिकी १९४७ पासून. अकरावी-बारावीनंतर मुलीला घरी राहून शिकवायचे असेल तर इथे पर्याय जास्त आहेत. मिरज जंक्शन असल्याने रेल्वेची सोय साताऱ्यापेक्षा चांगली.

पण सांगलीत घर पाहताना कृष्णामाई विसरून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांचे महापूर लोकांच्या लक्षात आहेत. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. गावभाग, खणभागासारख्या जुन्या वस्त्यांत, जिथे आपलीही बरीच घरे आहेत, तिथे पाणी शिरले. नवरा घरी असला तर सामान माळ्यावर चढवतो, म्हाताऱ्यांना उचलून नेतो. तो नसेल तेव्हा हे कोण करणार? म्हणून घर पाहायला गेल्यावर दलालाला विचारू नका. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "२०१९ ला इथे पाणी कुठवर आले होते?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. पाणी जिथे आलेच नाही असा भाग घ्यावा, भाडे हजार-दोन हजारांनी जास्त पडले तरी.

इयत्ता आधी, तिकीट नंतर

शिक्षक म्हणून आमचा सर्वांत जास्त आग्रह इथे आहे. विमानाचे तिकीट मुलाची इयत्ता पाहून काढावे. पाचवी आणि आठवी हे येण्याचे चांगले टप्पे. नववीत यायचे असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच. सीबीएसई शाळेत बोर्डाची नोंदणी नववीत होते, त्यानंतर थेट दहावीत शाळा बदलणे कठीण जाते. दहावीच्या वर्षात मुलाला हलवू नये.

त्याहून मोठे कारण पुढे आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी साधारण नियम असा आहे की उमेदवार महाराष्ट्राचा अधिवासी हवा आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण हव्यात. मुलाने दहावी जिद्द्याला दिली आणि अकरावीला इथे आला, तर नीटमध्ये चांगले गुण मिळूनही हे दार बंद होऊ शकते. अभियांत्रिकीत थोडी मोकळीक आहे. तिथे पालकांच्या अधिवासावरही प्रवेश मिळू शकतो, शिवाय आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. प्रत्येक वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच निर्णय घ्यावा. पण डॉक्टर होण्याचे स्वप्न असलेल्या मुलीला दहावीच्या आधी इकडे आणावे, हे आम्ही ठामपणे सांगतो.

कागदांच्या बाबतीत आपला जिल्हा हा मोठा आधार असतो. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, मणियार, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. तो कुठे मिळतो? दादांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत, तहसील कचेरीत. दाखलाही पूर्वज जिथे राहत होते त्या भागाच्या प्रांत कार्यालयातून निघतो आणि पडताळणी जिल्ह्याच्या समितीकडे होते. पुण्या-मुंबईत राहून साताऱ्याच्या दाखल्यासाठी आईने मुलांना घरी ठेवून चार खेपा करण्यापेक्षा, तिथेच राहून दोन दुपारी काम होते. नावाच्या स्पेलिंगकडे लक्ष द्यावे. पासपोर्टवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि दादांच्या नोंदीत तिसरे, असे असेल तर वडील इथे छुट्टीवर असतानाच दुरुस्त करून घ्यावे.

मराठीची भीती

"आमच्या मुलांना मराठी येत नाही" ही काळजी जवळजवळ प्रत्येक फोनवर असते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि २०२४-२५ पर्यंत तो दहावीपर्यंत पोहोचला. तेव्हा इंग्रजी शाळेत घातले तरी मराठीतून सुटका नाही, आणि पुण्यात गेल्यानेही ती होत नाही.

पण घाबरू नये. आखाती शाळांत बहुतेक मुले हिंदी शिकलेली असतात, म्हणजे लिपी आलेली असते. अडते ते तीन ठिकाणी. पहिले 'ळ'. मूल 'बाळ'ला 'बाल' वाचते आणि 'काळा'ला 'काला'. दुसरे म्हणजे 'च' आणि 'ज' यांचे दोन दोन उच्चार. 'चार'मधला च वेगळा आणि 'चमचा'मधला वेगळा. 'जन्म'मधला ज वेगळा आणि 'जाड'मधला वेगळा. गंमत अशी की उर्दू येणाऱ्या मुलाला 'जाड' लवकर जमते, कारण 'जे' या अक्षराचा जवळचा आवाज त्याच्या कानात आधीच असतो. तिसरी अडचण नपुंसकलिंग. उर्दूत आणि हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. 'ती किताब' म्हणणाऱ्या मुलाला 'ते पुस्तक' म्हणायला वेळ लागणारच.

तिकडे असतानाच रोज पंधरा मिनिटे मराठी गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचून घ्यावे. दादा-दादींशी फोनवर मराठीत बोलू द्यावे. आल्यावर गल्लीतले खेळ उरलेले काम करतात. छोट्या शहराचा इथे खरा फायदा आहे. कोंढव्यात हिंदी-इंग्रजीवर भागते, म्हणून मराठी येतच नाही. साताऱ्याच्या गल्लीत क्रिकेट खेळायचे तर 'आउट की नॉट आउट' हे भांडण मराठीतच करावे लागते. आमच्या अनुभवात चौथी-पाचवीचे मूल दिवाळीपर्यंत बोलू लागते. आठवीच्या मुलाला वर्ष लागते. त्या वर्षात त्याच्या गुणांवरून घरात बोलणी नकोत.

मोहल्ला आणि शेजार

काही वाचक मनात म्हणत असतील, हे सगळे ठीक, पण वातावरणाचे काय? प्रश्न रास्त आहे. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत एका तरुणाचा बळी गेला. हे लपवून कोणाला इकडे बोलावणे योग्य नाही. भाड्याचे घर मागताना नाव ऐकून गप्प होणारे लोक छोट्या शहरातही भेटतात.

याच मुलखात कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, आणि मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला पहिला गलेफ चर्मकार समाजाचा चढतो, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी समोर ठेवून आमचा मशवरा असा: घर अशा ठिकाणी घ्यावे की मकतब आणि मशीद जवळ असावी, आणि मुलांच्या खेळात, शाळेच्या रिक्षात सर्व घरांची मुले असावीत. अडचणीच्या दिवशी पाच ओळखीची दारे उपयोगी पडतात, मग ती कोणत्याही धर्माची असोत. आल्यापासून पहिल्या महिन्यात आईने शेजारच्या पाच घरी जाऊन ओळख करून घ्यावी. ईदचा शिरखुर्मा पोहोचवायला ईदची वाट पाहायची गरज नाही.

छोट्या शहरात ओळख हा दुधारी सुरा असतो. 'अमक्यांची सून' एवढ्यावर घर भाड्याने मिळते, दुकानदार उधार देतो, डॉक्टर रात्री दार उघडतो. आणि याच ओळखीमुळे ती कुठे गेली, किती वाजता आली, कोणाशी बोलली याचा हिशेबही गाव ठेवते. नवऱ्याला तिकडे फोनवर चुगल्या पोहोचतात. बंधूंनो, हा भाग तुमच्या हातात आहे. घर तिच्यावर सोपवले असेल तर विश्वासही तिच्यावरच ठेवा, आणि बातम्या पोहोचवणाऱ्यांना पहिल्याच फोनवर थांबवा.

पैसा तिच्या हाताशी असावा

आल्या आल्या घर विकत घेऊ नये. पहिले अकरा महिने भाड्याने राहावे, करार नोंदणीकृत करावा आणि तो तिच्या नावाने असावा. वीज, गॅस, इंटरनेट तिच्याच मोबाइलवर. तिचे स्वतंत्र बँक खाते असावे आणि त्यात किमान तीन महिन्यांचा खर्च कायम शिल्लक असावा. प्रत्येक खर्चाला दीराकडे हात पसरावा लागला तर घर तिने चालवले असे होत नाही.

अनिवासी असताना माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. सांगलीच्या आसपास गुंठेवारीचे प्लॉट दाखवले जातात. बिगरशेती झालेला आहे का, नियमित झालेला आहे का, हे सातबारा आणि महापालिकेचे कागद पाहून वकिलाकडून तपासल्याशिवाय इसार देऊ नये. तिकडून मुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर ते दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावे, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. नाहीतर ऐन वेळी कागद असूनही काम अडते.

आणि अब्बांचे काय

चार-पाच वर्षांनी तो माणूसही येणार आहे. एसी तंत्रज्ञ, वेल्डर, क्रेन चालक, सुरक्षा पर्यवेक्षक अशा कामांना कुपवाड, शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात मागणी असते, पण पगार तिकडच्यासारखा नसतो. याचा विचार आजच व्हावा. छोट्या शहरातला कमी घरखर्च तेव्हा कामाला येतो. मुलांची फी आणि घराचे भाडे आटोक्यात असेल तर माणूस कमी पगारावरही परत येऊ शकतो. मोठ्या शहरात मोठ्या कर्जाचा फ्लॅट घेतलेले भाऊ 'अजून दोन वर्षे, अजून दोन वर्षे' करत राहतात, आणि मुले फोनवर मोठी होतात.

त्या फोनचीही वेळ ठरवावी. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. ड्युटीवरून सुटल्यावर तुम्ही फोन करता तेव्हा इथे मुले झोपलेली असतात. आठवड्यातले तीन दिवस ठरवून लवकर बोला. गुणांबद्दल नंतर विचारा, आधी आज शाळेत काय झाले ते ऐका.

थोडक्यात आमचे मत सांगतो. मुले लहान असतील, तुम्ही वर्षातून दोनदा येणार असाल आणि तिचे माहेर सातारा, कराड, वाई, कोरेगाव या बाजूला असेल तर सातारा. घरात वयस्कर माणसे, मुले कॉलेजच्या उंबरठ्यावर आणि माहेर मिरज, तासगाव, इचलकरंजी, कोल्हापूरकडे असेल तर सांगली-मिरज, पण पुराच्या रेषेबाहेर. दोन्ही गावांत तिचे कोणीच नसेल तर तिचे जिथे असेल ते गाव.

ठरवण्याआधी एक करा. पुढची छुट्टी डिसेंबरच्या लग्नसराईत न घेता जुलैत घ्या. धो धो पावसात दोन्ही गावांत चार-चार दिवस राहा. शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहा, सरकारी दवाखान्यात एक चक्कर मारा, नदीकाठचे पाणी पाहा. या फिरतीत पुढे ती चालेल आणि तुम्ही मागून. शेवटी दोघांनी बसून मशवरा करावा, आणि तिचे मत आधी ऐकावे.

ज्या भगिनींनी नवरा परदेशी असताना मुलांसह इथे घर चालवले आहे, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहून पाठवावेत. काय सोपे गेले, काय जड गेले, दोन्ही लिहावे. येणाऱ्या मार्चमध्ये फोन करणाऱ्यांना आम्ही ती पत्रे वाचून दाखवू, इन्शाअल्लाह.